भिंत वाळेपर्यंत

लग्नात मला सहा पितळी वाट्या आल्या होत्या. त्यांतल्या चार आमच्या घरमालकांनी भिंतीला चिकटवल्या. तीन तिथंच चेपल्या आणि चौथी मला फार उशिरा परत मिळाली. या घरमालकांबद्दल कुणी विचारलं तर मी आधी वाट्यांचंच सांगते, कारण बाकीचं सांगायला गेले की माझाच गोंधळ उडतो. ते चिक्कू होते की उदार, शहाणे होते की जरा सुटलेले, हे पाच वर्षं त्यांच्या घरात राहून मला कळलं नाही. आणि त्यांना सगळं आधी ठाऊक होतं की काहीच ठाऊक नव्हतं, हे तर अजूनही कळलेलं नाही.

सांगलीत घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात त्यांचं घर होतं. दिवस लढाईचे. आमचे हे संस्थानच्या कोर्टात कारकून. पुढचं घर दगडी जोत्याचं, दुमजली. खाली आम्ही दोघं, वर ते एकटे. मागं नदीच्या अंगाला पत्र्याचं छप्पर घातलेली एक लांबट खोली होती, तिच्या भिंती कच्च्या विटांच्या, मातीत रचलेल्या. ती खोलीही आमच्याकडेच होती आणि घरात तेवढीच जरा हवेशीर होती.

ते मूळचे वाईचे. सातारा जिल्ह्यात ओव्हरसियर होते. रस्ते आणि रस्त्याखालच्या मोऱ्या बांधण्यात जन्म गेला, आणि पेन्शन घेऊन सांगलीला येऊन राहिले. वाईसारखं गाव सोडून इथं कशाला आलात, असं ह्यांनी एकदा विचारलं. तर म्हणाले, जन्मभर मी पाणी खाली सोडून दिलं, ते पुढं जाऊन काय करतं ते बघावं म्हटलं. ह्यांना वाटलं थट्टा करताहेत. मला वाटलं खरंच सांगताहेत. यावरून आमच्या दोघांत थोडं वाजलंही.

माणसांना नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती. ह्यांना ते ‘कोर्ट’ म्हणत आणि मला ‘पाटण’, कारण माझं माहेर पाटणचं. जिन्यावरून “पाटण, पाणी आलं का?” असा आवाज आला की सुरुवातीला माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. छत्री ते उन्हात उघडत आणि पावसात मिटून काखेत धरत. पावसात छत्री भिजते, असं त्याचं कारण. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करत, मग कान लावत, आणि मनात शंका राहिली तर सरळ जीभ लावत. खारट लागली तर मान हलवत. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा हातातलं ताट खाली ठेवून आत पळाले होते.

आमच्या बोळाची एक रीत होती. पूर श्रावणात यायचा. दसरा-दिवाळीला घर उजळलं नाही तर चारचौघांत तोंड कसं दाखवायचं, म्हणून आश्विनात सगळे गवंड्याच्या मागं लागायचे. ओल्या भिंतीवर गिलावा, गिलाव्यावर चुना. दिवाळीत सगळा बोळ झकपक. मग थंडी सरता सरता भिंतीतलं मीठ वर यायचं, पांढरा लोणा फुलायचा, पापुद्रे सुटायचे आणि शिमग्याला भिंती खरजेल्या व्हायच्या. पाडव्याच्या आधी तेच गवंडी पुन्हा तीच भिंत उकरायचे. एका पुराचे असे दोन खर्च, आणि पूर आला की पुन्हा तेच. यात काही चुकतंय असं कुणाला वाटायचं नाही. आमच्या घरमालकांना मात्र ते सहन व्हायचं नाही. पाणी ओसरलं की ते बोळातल्या घराघरांत न बोलावता जात आणि चैत्रापर्यंत भिंतीला हात लावू नका म्हणून सांगत. “वाळायला पैसे पडत नाहीत,” हे त्यांचं पेटंट वाक्य. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या चौकटीवर ते कोळशानं ‘यंदा दोनदा’ असं लिहून येत. एका बाईनं त्यांच्या अंगावर खरकटं पाणी फेकलं होतं. ते घरी आले, धोतर वाळत घातलं, आणि तिची मागची भिंत कमरेपर्यंत भिजलीय म्हणून हळहळत बसले.

गवंड्यांचा तर त्यांच्यावर दातच होता. आमच्या बोळातला एक गवंडी त्यांना तोंडावर म्हणाला होता, “आवं, तुमी आमच्या पोटावर का उठलाय? चैत्रापतुर आमी खावं काय?” यावर त्यांनी त्यालाच कामाला लावलं. कशाला, तर स्वतःच्या घराचा भिजलेला गिलावा उतरवायला. गिलावा उतरवायची मजुरी द्यायची आणि भिंत उघडी ठेवायची, असा हा कारभार. तो गवंडी पुढं आमच्याकडे हसत हसत सांगायचा की म्हाताऱ्याच्या घरात मी बांधल्यापेक्षा पाडलंयच जास्त.

आता वाट्या. पुराचं पाणी ओसरून गाळ काढून झाल्यावर एक दिवस ते जिन्यावर येऊन म्हणाले, पाटण, चार वाट्या दे. मला वाटलं त्यांच्याकडे कुणी जेवायला येणार असेल. मी वाट्या दिल्या आणि वर थोडं लिंबाचं लोणचंही दिलं. लोणचं त्यांनी खाल्लं. वाट्या मागच्या खोलीत भिंतीवर पालथ्या लावल्या आणि कडेनं कणीक थापून चिकटवल्या. कणीकही माझीच. सकाळी येऊन एकेक वाटी काढायची आणि आत बोट फिरवायचं. बोट ओलं आलं की भिंत अजून घाम टाकतेय असं समजायचं आणि नवी कणीक लावायची. लढाईच्या दिवसांत गव्हाची काय किंमत होती हे त्यांना सांगायला मी दोनदा तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा ते वाटीतच बघत होते.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्या वर्षी मला दिवस गेलेले होते.

माझं पहिलं मूल पाटणला झालं. मुलगा होता. पाटणचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. घरातली कापडं चार चार दिवस वाळत नाहीत, भिंतीला हात लावला तर हात ओला येतो. तो तीन महिन्यांचा झाला आणि खोकायला लागला. चौथ्या महिन्यात गेला. ओलीनं गेला असं सगळे म्हणाले, आणि मीही तेच धरून बसले. म्हणून या खेपेला मी माहेरी जायचं नाही असं ठरवलं होतं. सांगली कोरडी, मिरजेचे दवाखाने हाकेवर, आणि मार्गशीर्षात बाळंत होणार म्हणजे पाऊसही मागं पडलेला. फक्त ती मागची खोली वाळायला हवी होती. माझी खाट कुठल्या भिंतीला लावायची हेसुद्धा मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. आणि नेमकी तीच भिंत हा माणूस उघडी करून, तिला माझ्याच वाट्या लावून बसला होता.

मी त्यांना सांगितलं, की निदान ही एक खोली तरी गिलावा करून द्या. ते म्हणाले, चैत्रात. मी म्हटलं, मार्गशीर्षात मला लागणार आहे. तर माझ्याकडे न बघता वाटीच्या कडेची कणीक दाबत म्हणाले, “भिंत तुझ्या तारखेला वाळत नाही, पाटण.” पहिल्या मुलाचं मी त्यांना कधी बोलले नव्हते. बोलले असते तर कदाचित वेगळं उत्तर मिळालं असतं, किंवा तेच मिळालं असतं. मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांचा चहा वर पाठवला नाही.

दरवर्षी कोजागिरीनंतर ते वाईला बहिणीकडे जात आणि भाऊबीज करूनच परत येत. त्या वर्षीही गेले. जाताना मला बजावून गेले, वाट्या काढू नकोस. टांगा बोळाच्या तोंडाशी दिसेनासा झाला आणि मी ह्यांना म्हटलं की आता काय करायचं ते करा, पण ते यायच्या आत ही भिंत झाली पाहिजे. हे साधे गृहस्थ, कुणाच्या वाटेला न जाणारे. पण पहिला मुलगा जाण्याचं दुःख त्यांनीही सोसलं होतं. त्या काळात सिमेंट परमिटावर मिळायचं. कोर्टातल्या ओळखीनं दोन गोणी मिळाल्या. चुन्यापेक्षा सिमेंट पक्कं, ओल बाहेर येऊच देत नाही, असं सगळे सांगत होते. पैसे नव्हते. मी माझ्या पाटल्यांची जोडी मिरजेच्या सोनाराकडे मोडली, सांगलीत कुणाला कळू नये म्हणून मिरजेच्या. आमच्या बोळातला तो गवंडी यायला तयार होईना. हे म्हाताऱ्याचं घर हाय, मी न्हाई, म्हणाला. मग दुसरा बघितला. त्यानं आतून आणि बाहेरून, कमरेच्या वरपर्यंत, दोन दिवसांत भिंत लख्ख करून दिली.

वाट्या काढून ठेवताना आत बोट फिरवून बघायची मला बुद्धी झाली नाही. खरं सांगायचं तर मला बघायचंच नव्हतं. तो राखाडी, गुळगुळीत गिलावा सुकला तेव्हा मी त्यावरून तळहात फिरवला. गार होता, पण कोरडा होता. मला रडू आलं. नरकचतुर्दशीला त्या भिंतीशी मी ओळीनं पणत्या लावल्या, आणि कितीतरी महिन्यांनी मला शांत झोप लागली.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी ते आले. पिशवी हातात तशीच ठेवून मागच्या खोलीत गेले. मी दाराशी उभी, सगळी भाषणं पाठ करून. त्यांनी टकटक केली, कान लावला. जीभ लावली नाही. मला वाटलं आता आकांडतांडव होणार. ते मागं वळून फक्त म्हणाले, वाट्या कुठं आहेत? मी आणून दिल्या. मग ते ह्यांच्याकडे बघून म्हणाले, “कोर्ट, उद्यापासून तुम्ही वर. मी खाली. भाडं तेच.”

मला नववा लागला होता. वरच्या मजल्याचा जिना उभा, अरुंद. इतके दिवस गिलावा करून दिला नाही, आणि मी अंगावरचं सोनं मोडून खोली चांगली केल्यावर हा माणूस आम्हाला वर हाकलून स्वतः तिच्यात राहायला जातोय, याचा दुसरा अर्थ मला तरी लागत नव्हता. हे म्हणाले, घर त्यांचं आहे, आपण काय बोलणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आमचं सामान वर नेलं. माझी खाट मात्र खालीच ठेवून घेतली, मी ठरवलेल्या जागी, त्याच भिंतीला लावून. तिच्यावर स्वतःची वळकटी टाकली. वर आम्ही त्यांच्या पलंगावर. भिंतीला पुन्हा माझ्या वाट्या चिकटल्या. या वेळी सिमेंटवर.

त्याच आठवड्यात त्यांनी वरच्या खिडकीला एक कप्पी बसवली आणि पाण्याच्या घागरी दोरीनं वर चढवायला लागले. स्वतः, साठीच्या पुढचा माणूस. मी थोडी वरमले. पण विचारलं तर म्हणाले, तुझ्या चढण्या-उतरण्यानं जिना झिजतो, लाकूड महाग आहे. आता या माणसाचं काय करायचं? मी राग धरला की दोरीवर घागर वर यायची. राग सोडावा म्हटलं की खाली माझ्या खाटेवर त्यांचं घोरणं ऐकू यायचं.

आणखी एक. त्या खोलीत त्यांनी छपराच्या वाशाला एक दोरा बांधून खाली शिशाचा लंबक सोडला होता. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला लावतात तो ओळंबा. सकाळी वाट्या बघून झाल्या की ते त्या दोऱ्यासमोर मांडी घालून बसत, भिंतीवर खडूनं बारीक रेघ काढत आणि बराच वेळ बघत राहत. मला जिन्यावरून ते दिसायचं. मला वाटायचं काहीतरी जप चाललाय.

मार्गशीर्षात मला मुलगी झाली, वरच्या खोलीत, माळ्यावरच्या भांड्यांच्या खाली. ते बघायला वर आले नाहीत. सगळा बोळ येऊन गेला, पण ते आले नाहीत. रोज सकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवरून मात्र आवाज यायचा, “कोर्ट, खोकते का?” हे वरून म्हणायचे, नाही. मग पावलं मागच्या खोलीकडे जायची. रोज एवढंच. कशी आहे, झोपते का, कुणासारखी दिसते, काही नाही. मी ह्यांना विचारलं, तुम्ही त्यांना आपल्या पहिल्याचं सांगितलंय का? हे म्हणाले, नाही. पाटणहून आई आली होती, तिलाही विचारलं. तीही नाही म्हणाली.

बाराव्या दिवशी बारसं. वरची खोली एवढीशी, त्यात पलंग, पाळणा आणि बायका कुठं मावणार? आई म्हणाली, खाली चांगली नवी गिलावा केलेली खोली आहे, घटकाभर तिथं पाळणा बांधू. त्यात विचारायचं काय, असंच सगळ्यांना वाटलं. आई आणि बोळातल्या पाच-सहा जणी पाळण्याच्या दोऱ्या घेऊन खाली उतरल्या. ते दारात उंबऱ्यावर बसले होते, पाय आडवा टाकून. आईनं त्यांना भाऊ म्हटलं. “आवं भाऊ, माजी नात हाय. घटकाभर खोली दिलीसा तर काय बिगडतंय?” ते म्हणाले, खोली माझी आहे. आईनं पदर पसरला. ते म्हणाले, माझं जेवण व्हायचंय. एका बाईनं त्यांच्या पायावरून पलीकडे पाऊल टाकायचा प्रयत्न केला, तर त्यांनी दोन्ही हात चौकटीला लावले. साठ-बासष्ट वर्षांचा माणूस, बारशाच्या बायकांना अडवून बसलेला. बायका नाकं मुरडून वर आल्या. निम्म्या जणींनी जिन्यात उभं राहून पाळणा म्हटला.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर आले, पोर छातीशी धरून, आणि सगळ्यांच्या देखत त्यांना म्हणाले की तुमचं कधी भलं व्हायचं नाही. हे बोललेलं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी वर बघितलं. आडवा पाय मात्र काढला नाही.

त्याला दहा दिवस झाले असतील. दुपार होती. आई धुणं घेऊन घाटावर गेली होती, मी वर पोरीचे लंगोट दोरीवर टाकत होते. खालून एक आवाज आला, धान्याचं पोतं कुणी अंगणात टाकावं तसा. मोठा नव्हता. मग पत्रे वाजले आणि खिडकीतून धूळ वर आली. मी पोरीला पाळण्यात टाकलं आणि खाली धावले. मागच्या खोलीची नदीकडची भिंत नव्हती. तिथून नदी दिसत होती. सिमेंटचा गिलावा पाटीसारखे मोठे मोठे तुकडे होऊन पडला होता, आणि त्याच्या आतली माती ओली होती. पूर ओसरून चार महिने झाले तरी चिखल. त्याच्याखाली माझी खाट. खाटेचे दोन पाय वर आलेले दिसत होते.

ते दुपारी खाटेवर पडतात हे मला ठाऊक होतं. मी ओरडले, आणि मी काय ओरडले ते मला आठवत नाही. हातानं माती उकरायला लागले. बोळातली माणसं आली, तो गवंडीही आला. सगळे उकरत होते. आणि माझ्या मागून आवाज आला, “पाटण, बाजूला हो. वरची वीट सुटेल.” ते ओल्या पंच्यानं उभे होते. त्या दिवशी अंघोळ राहिली होती म्हणून दुपारी घाटावर गेले होते. रोज पहाटे अंघोळ करणाऱ्या माणसाची अंघोळ नेमकी त्याच दिवशी कशी राहिली, हा आणखी एक प्रश्न. मी मातीचे हात तसेच घेऊन बाजूला झाले. ते मातीजवळ गेले, वाकून काही शोधलं, आणि म्हणाले, तुझ्या तीन वाट्या गेल्या, एक राहिली.

त्या गवंड्यानं वाशाला लोंबणारा ओळंबा बघितला, भिंतीच्या उरलेल्या कोपऱ्यावरच्या खडूच्या रेघा बघितल्या, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, ह्या रेगा बगा. रोज केसाकेसानं भित फुगत हुती. म्हातारं रोज मोजत हुतं. त्येस्नी ठावं न्हवतं असं कसं म्हनायचं?”

म्हणजे ठाऊक होतं. मग त्या भिंतीला डोकं लावून झोपत का होते? आणि ठाऊक नव्हतं म्हणावं, तर बारशाच्या बायकांना उंबऱ्यावर अडवलं का? आम्हाला सरळ सांगितलं का नाही? टेकू लावून वरचं सिमेंट का उतरवलं नाही? मी संध्याकाळी त्यांना विचारायला गेले. पायाच पडणार होते, पण ते जमिनीवर बसून एका कागदावर काहीतरी लिहीत होते आणि पाय मांडीखाली होते. मी विचारलं. ते म्हणाले, “भिंत पडेल असं मला काय ठाऊक? मी भिंतीवर लोणा फुलायची वाट बघत होतो.” आणि तो कागद माझ्या हातात दिला, कोर्टाला दे म्हणाले.

कागद म्हणजे नव्या भिंतीच्या खर्चाचा अंदाज होता. भाजक्या विटा, माती, मजुरी, पत्रे. खाली लिहिलं होतं की अर्धा खर्च भाडेकरूंचा, कारण ओल कोंडली ती त्यांनी. सगळ्यात खाली एक ओळ होती: चेपलेल्या वाट्या तीन, वजा. माझ्या पाटल्या त्या चिखलात गेल्या होत्या, माझी पोर वर पाळण्यात हातपाय हलवत होती, आणि हा माणूस तीन वाट्यांची वजावट देत होता. मी हसले की रडले ते ह्यांना विचारायला हवं. ह्यांनी आमचा अर्धा वाटा दर महिन्याला थोडा थोडा करून फेडला. ते दर वेळी पावती देत.

आम्ही नंतरही तिथंच राहिलो, वरच. ते खाली. नवी भिंत भाजक्या विटांची झाली, पण गिलाव्याविना. तिच्यावर माझी उरलेली एक वाटी. चैत्र गेला. मी विचारलं, आता? म्हणाले, अजून नाही. पुढचा चैत्रही तसाच गेला. मधल्या श्रावणात पुराचं पाणी त्या भिंतीपर्यंत आलंही नव्हतं. बोळातले लोक मात्र हळूहळू दिवाळीनंतर त्यांना बोलवायला लागले, भिंत बघून जा म्हणून. सगळे नाही, तीन-चार घरं. त्या घरांच्या चौकटीवरचा कोळसा त्यांनी स्वतःच्या धोतरानं पुसला.

मग संस्थान गेलं, कोर्टं बदलली, आणि ह्यांची बदली साताऱ्याला झाली. सामान टांग्यात चढल्यावर मी मागच्या खोलीत गेले. ते वाटीसमोर बसले होते. मी म्हटलं, आज तरी खरं सांगा, तुम्हाला ठाऊक होतं ना? त्यांनी वाटीच्या कडेची कणीक दाबली. मग म्हणाले, “भिंतीपाशी कुणीतरी असावं लागतं, पाटण. एकदम सोडली तर ती भलत्याच वेळी पडते. तू बाळंतीण. कोर्टाला कोर्ट. उरलं कोण?”

हे उत्तर होतं का, ते मला तेव्हा कळलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, माझी वाटी द्या, सहातल्या तीनच उरल्यात. ते म्हणाले, भिंत वाळली नाही अजून.

साताऱ्यात आमचं घर उतारावर, दगडी. पाऊस पडतो आणि वाहून जातो. दोन वर्षांनी त्यांच्या वाईच्या बहिणीची मुलगी आमचा पत्ता शोधत आली. मामा गेले म्हणाली, भाद्रपदात, खाली त्याच खोलीत, झोपेत. घर विकलंय, घेणाऱ्यानं मागची खोली पाडूनही टाकली. तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी वाटी काढून दिली. कडेला कणीक तशीच होती, दगडासारखी. आत एक पोस्टकार्ड घडी करून ठेवलेलं. वर आमचं नाव, सातारा, आणि एवढंच: ‘पाटण, भिंत वाळली. आता गिलावा करायला हरकत नाही. वाटी परत.’ खाली तारीख नव्हती. कधी लिहिलं होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या उशाशी होतं म्हणाली. म्हणजे ती भिंत कधी वाळली, हेही मला आता कळायचं नाही. शेवटच्या महिन्यात वाळली असेल, किंवा आम्ही तिथं असतानाच केव्हातरी वाळली असेल आणि ते नाही म्हणत राहिले असतील.

मी वाटी चिंच लावून घासली, कलई करून आणली. कडेची कणीक एका जागी काही केल्या निघेना, ती तशीच ठेवली. जेवायला बसल्यावर लेकीनं विचारलं, ही कुणाची वाटी? मी म्हटलं, तुझी. आणि तिच्यात तिला वरण वाढलं.